आकारामाचा हात

शिवाजी पेठेत लाईट गेली, की आधी आकारामाच्या हाताला कळायचं आणि मग बाकीच्यांना. चिमणाबाईंच्या पिठाच्या गिरणीत तो अठ्ठावीस वर्षं होता. लाईट गेली की मेन स्विच पाडायचा, नाहीतर ती एकदम आली की मोटार जळते, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्यानं गुरुमंत्रासारखं धरलं होतं. कोडोलीला भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लाईट गेली, तर हा अक्षता टाकून पळाला आणि मांडवाचा स्विच पाडून आला. गावात लाईट आली, मांडवात अंधारच.

मग चिमणाबाईंनी मोटारीला ड्राइव्हची, म्हणजे वेग सांभाळणारी पेटी बसवली. बसवणारा गौस म्हणाला, "मावशी, लाईटनं डुलकी खाल्ली तरी दगड लगेच थांबत न्हाय. त्याच्या फिरण्यावर मोटार उलटा करंट देती, त्यावर ही पेटी जीव धरून ऱ्हाती. दोन-तीन सेकंदांत लाईट आली की हाय तिथनं पुढं चालू. कुणी हात लावायचा न्हाय."

पण पेटी जीव धरायच्या आत आकाराम स्विच पाडायचा. दगडांत दळण अडकायचं. वरचा दगड उचलून साफ करण्यात तास जायचा. आठवड्यात चारदा झालं. गौसनं स्विचपुढं खुर्ची ठेवली. आकाराम खुर्चीवरून उडी मारून गेला. रांगेतल्या दोन बायकांनी त्याचा सदरा धरला, तर सदरा त्यांच्या हातात राहिला आणि आकाराम बनियनवर स्विचपाशी.

तालमीच्या महाप्रसादाचं दळण आलं, त्या दिवशी चिमणाबाई म्हणाल्या, "बारापतोर पीठ गेलं पायजे. आज तुझ्या हातानं गिरणी थांबली, तर गिरणीची किल्ली जोतिबाच्या फोटोपुढं ठेवायची आन् घरी जायचं."

आकारामाच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, मी कुठं करतुय? हात जातुय."

"मग हात जोड. लाईट गेली की तीनदा चांगभलं म्हण, तेवढ्यात पेटीचे दोन-तीन सेकंद जात्यात. तवर न्हाय आली, तर पाड."

गौसनं घड्याळ लावून म्हणायला लावलं. भीतीपोटी आकारामाचं तीनदा चांगभलं एका सेकंदात उरकलं.

"आरं, देवाला ऐकू तरी जाऊ दे की!" चिमणाबाई म्हणाल्या.

अकराला लाईट गेली, बल्ब विझला. दगडाचा आवाज खाली बसू लागला. आकारामानं हात जोडले, आणि त्याच्यासाठी सगळी रांगच लांबवून ओरडली, "चांगभलंऽऽ!" दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. लाईट नाही. आता पाडायची मुभा होती. आकारामाचा हात सुटला. बायकांनी डोळे मिटले. पण त्याच्या पायाखालची फरशी अजून थरथरत होती. दगडात दम होता. हात स्विचकडे न जाता वर गेला आणि त्यानं दाणे सोडायची पट्टी बंद केली. दळायचं ओझं उतरलं, दगड रिकामा फिरत राहिला, पेटीचा हिरवा दिवा तगला. रांगेनं चौथ्यांदा चांगभलं म्हटलं, तेवढ्यात बल्ब लागला आणि दगडानं पुन्हा सूर धरला.

रांगेनं बल्बला हात जोडले. गौस पेटीकडे बघतच राहिला. "मामा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

आकाराम पट्टी धरूनच उभा, डोळ्यांत पाणी. किल्ली त्याच्या कमरेलाच होती. ती कुणी मागितली नाही.

"आकाराम," चिमणाबाई ओरडल्या, "दगडावर दगड घासतुय की! सोड दळण, तालमीची माणसं दारात येऊन बसल्यात."