मूळ संख्येवर कव्हर

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर बाहेरगावी होते. वारज्याला घरी परतले, तर हॉलच्या कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरवर शिवलेलं कव्हर. जाड कापडाचं, लेस लावलेलं, थेट खालपर्यंत ओढलेलं. वर फुलदाणी. आमच्याकडे फ्रिज, मिक्सर, अगदी टीव्हीच्या रिमोटलाही कव्हर असतं. मी हात लावला. कापड तापलं होतं.

तो कॉम्प्युटर कित्येक महिने एकच काम करत होता. दोनाला दोनाने पुन्हापुन्हा गुणायचं आणि उत्तरातून एक वजा करायचा. तीन, सात, पंधरा, एकतीस अशा संख्या मिळतात. पुढे पुढे त्यांतल्या मूळ संख्या अतिशय दुर्मीळ होतात. जगभरातले हौशी लोक त्या शोधतात. माझ्या वाट्याला आलेल्या संख्येची तपासणी संपत आली होती.

या हिशेबाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. कव्हरखाली मशीन तापलं, मधेच कुठेतरी चूक शिरली आणि पुढचा सगळा हिशेब कचरा झाला, हे कव्हर काढल्यावर स्क्रीनवर दिसलं.

"बंद कुठे केलं?" आई म्हणाली. "तू सांगितलंस तसं चालूच ठेवलं की."

आत्याने सुचवलेल्या स्थळाची मंडळी घर बघून गेली होती. तो घरघरणारा डबा त्यांना दिसू नये, म्हणून हे. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "सापडली असती, तर पत्रिकेत छापायची होती का?"

अशा वेळी मी बोलत नाहीच, आणि घरात त्याचा अर्थ होकार असा लावतात. आईने माप घेऊन कव्हर शिवलं होतं. माप घेताना मागच्या पंख्याचा गरम वारा तिच्या हाताला लागला असणार. रोज फोनवर तिने मी काय जेवले ते विचारलं. हे विचारलं नाही. माझ्या गैरहजेरीत माझं घर दाखवून झालं, माझं काम झाकून झालं, आणि मी मात्र आल्यावर चहा घेऊन शांत व्हायचं.

मी तपासणी पहिल्यापासून लावली.

रविवारी तीच मंडळी मुलाला घेऊन येणार होती. सकाळी आई कव्हर इस्त्री करून घेऊन आली.

"तासभरच घाल गं."

"नाही."

"आवाज कसला म्हणून विचारतील. काय सांगू?"

"मला विचारायला सांग."

त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चहा निवेपर्यंत सांगत राहिले.