कथिलाचं योगदान आणि जुहारीचा थाळ

आइक केमांग गावात कथिलाचं गुणगान जुहारीइतकं कुणी केलं नाही, आणि कथिलाने जुहारीइतकं कुणाला नागवलंही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं साठी उलटेपर्यंत त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्याचा आजा खाणीत होता, बापही खाणीत होता. मिसरूड फुटताच तोही खाणीवर लागला. पुढे कथिलाचा भाव पडला तेव्हा कंपनीने निम्मी माणसं घरी पाठवली आणि प्रत्येकाच्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. ज्यांचा वेळ यापुढे कुणालाच नको होता, त्यांना घड्याळ देण्याची कल्पना कुणाची होती कोण जाणे. जुहारीने ते दर्शनी भिंतीला लावलं आणि अंगणापलीकडच्या तुकड्यात मिरी लावली.

मिरीचे वेल छातीएवढे झाले आणि कथिलाचा भाव पुन्हा चढला. आता ज्याने त्याने आपल्या आवारात खणावं, असे दिवस आले. जुहारीने वेल उपटले. "मिरी वर्षातून एकदा पिकते. कथिल रोज पिकतं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तीन वर्षं खरोखरच पिकलं. मोटरसायकल आली, बायकोच्या, झुबैदाच्या, गळ्यात सोन्याची साखळी आली. मग कथिल संपलं. साखळी गेली, मोटरसायकल गेली, राहिला तो खड्डा. त्यात पावसाचं पाणी साठून निळंहिरवं झालं. शहरातली नवी जोडपी तिथे फोटो काढायला येऊ लागली, तेव्हा जुहारी त्या खड्ड्याला ‘माझं तळं’ म्हणू लागला. पुढे तळ्यात मगर आली. तिने बदकं खाल्ली आणि जोडपी यायची थांबली.

"खाणीने कायमची नोकरी दिली ती या एकटीला," बहरून म्हणे. बहरून हा झुबैदाचा थोरला भाऊ; जुहारीही त्याला अबांग, म्हणजे दादा, म्हणे. तो कोळी होता, आणि त्याची जीभ त्याच्या गळाहून अणकुचीदार होती.

या बहरूनच्या पोटावर आता गदा आली होती. शेजारच्या भूशिरापाशी कंपनीची जहाजं दोन हंगाम कथिलासाठी समुद्राचा तळ उपसत होती. पाणी दुधाळ चहासारखं झालं होतं, होड्या डिझेल जाळून रिकाम्या परतत होत्या. आता कंपनीला केमांगचा उपसागरही हवा होता. त्यासाठी गावाने हात वर करून संमती द्यायची होती. कंपनीचे साहेब हेन्द्रो स्वतः येऊन ‘खाणकामाचं आर्थिक व सामाजिक योगदान’ समजावून सांगणार होते. शिवाय गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला कंपनी आपल्या खर्चाने मक्केला पाठवणार होती.

गावप्रमुख रोसिदी जुहारीच्या ओसरीवर येऊन बसला. धाकटी माणसं जुहारीला पाक चिक, म्हणजे काका, म्हणत.

"पाक चिक, स्वागताचं भाषण तुम्हीच करायचं. कथिलावर तुमच्यासारखं बोलणारा दुसरा आहे कोण?"

"बोलीन की. पण ते मक्केचं?"

"नाव जवळजवळ ठरलंय." रोसिदीने गालातल्या गालात हसून घड्याळाकडे पाहिलं. "भाषण झालं की पक्कं."

जुहारीला त्या रात्री झोप आली नाही. त्याचा बाप मक्केची आस घेऊनच गेला होता. कथिलाने सगळं नेलं खरं, पण एवढं एक दिलं तरी हिशेब चुकता झाला, असं जुहारीला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी बहरून जाळं खांद्यावर टाकून अंगणात उभा राहिला.

"काय जुहारी, भाषण पाठ झालं?"

"पाठ कशाला करायचं, अबांग? मी खरं तेवढंच बोलणार."

"मग दोन वाक्यांत आटपेल. बरं, उपसागर गेल्यावर माझी होडी तुझ्या तळ्यात घालू ना? मगरीला एकदा विचारून ठेव."

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही."

"अरे, झालंय कधी? दाखव तरी."

पाहुणा मोठा म्हणून गावाने रीतीप्रमाणे थाळ करायचे ठरवले. एक दार, एक थाळ. प्रत्येक घराने आपला थाळ लाल-हिरव्या रंगवलेल्या टोकदार झाकणाखाली सभागृहात न्यायचा. कुणाच्या झाकणाखाली काय आहे ते कुणी विचारायचं नाही. दुआ झाली की सगळी झाकणं एकदम उघडायची, आणि आपल्या थाळावर आपण बसायचं नाही. थाळात भात, अननस घातलेली पिवळी आंबट आमटी आणि आमटीत ताजा मासा. माशाचं डोकं पाहुण्याचं.

"मासा कुठाय?" झुबैदाने विचारलं.

"अबांगला सांग."

"दादाच्या जाळ्यात आज दोन खेकडे आणि एक चप्पल आली."

झुबैदा अकियोंगच्या दुकानात गेली, कांद्यांच्या पिशवीत तळाशी दोन डबे लपवून घेऊन आली. सार्डिन माशांचे डबे. टोमॅटोचा रस्सा धुऊन काढला, तुकडे हळदीच्या आमटीत सोडले.

"दुकानात काय सांगितलंस?"

"मांजरासाठी म्हटलं. एवढ्या थाळांत आपला एक खपून जाईल. बाकीच्यांकडे ताजा असणारच."

सभागृहात चटयांवर थाळांची रांग लागली. हेन्द्रो साहेबांनी पडद्यावर योगदान दाखवलं: शाळेचा रंग, रस्त्याचे दिवे, एक हसरी म्हातारी, जी केमांगमधल्या कुणाच्याच ओळखीची नव्हती. जुहारीचं भाषण थाळ उघडल्यावर व्हायचं होतं. दुआ झाली. झाकणं एकदम उघडली.

प्रत्येक थाळात पिवळी आमटी होती, आणि प्रत्येक आमटीत तेच बोटभर, एकाच मापाचे, डोकं उडवलेले तुकडे. प्रत्येक घराने शेजाऱ्याच्या ताज्या माशावर भरवसा ठेवला होता.

साहेबांच्या वाटीत डोकं वाढायला म्हणून रोसिदी पळी घेऊन निघाला. पहिला थाळ ढवळला, दुसरा ढवळला, मग भराभर पुढचे. अख्ख्या गावात एक डोकं सापडेना. बायांनी माना खाली घातल्या. दाराशी उभा असलेला अकियोंग हळूच म्हणाला, "मीही म्हणत होतो, गावात एवढी मांजरं झाली कधी!"

साहेबांचा चेहरा उतरला. हा आपला अपमान आहे की इथली रीत आहे, हे त्यांना कळेना. जुहारीला मक्का डोळ्यांसमोर बुडताना दिसली. तो ताडकन उठला.

"साहेब, गैरसमज नको! हेच ते योगदान. या डब्यांना आतून मुलामा असतो तो कथिलाचा. आमचं कथिल इथून गेलं तेव्हा नुसती काळी वाळू होतं. परदेशी गेलं, डबा झालं, आणि पोटात मासा घेऊन घरी आलं. रिकाम्या हातांनी आलं नाही, साहेब! पूर्वी आम्हाला पहाटे उठून समुद्रावर जावं लागे. आता समुद्रच दुकानात येतो. काटा मऊ, दात नसलेल्यांचीही सोय. वाडवडिलांना कुठे होतं असं सुख?"

यातला शब्दन् शब्द तो मनापासून बोलत होता. पहिल्यांदा बहरून हसला. मग कोपऱ्यातल्या बाया हसल्या. मग सभागृहच हसलं. जुहारीने चिडून झुबैदाकडे पाहिलं. ती ओढणीने डोळे पुसत हसत होती. साखळी गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

तेव्हा कुठे आपण काय बोललो ते जुहारीच्या कानांनी ऐकलं.

रोसिदी खुणा करत होता: बसा, बसा, अजून वेळ गेली नाही. आता बसला असता तरी चाललं असतं. अडाणी म्हातारा भोळेपणाने बोलला, असं म्हणून साहेबांनी मनावर घेतलं नसतं. जुहारी उभाच राहिला. मक्का तिथेच गेली.

"आता राहिला उपसागर," तो सावकाश म्हणाला. "तोही न्या, साहेब. म्हणजे उरलेसुरले मासेही डब्यातूनच येतील. विनंती एकच. तेवढी डोकी परत पाठवत जा. पाहुण्याला वाढायला लागतात."

रोसिदीने घाईघाईने विचारलं, "संमती असेल त्यांनी हात वर करा." पण सगळ्यांचे हात पोटावर होते. साहेब न जेवताच उठले. गाव हसरं आहे, पण अजून समजूतदार नाही, पुन्हा येऊ, एवढं म्हणाले.

मक्केला पलीकडच्या गावातला एक वडीलधारा गेला. तिथे हात चटकन वर झाले होते. त्याला निरोप द्यायला जुहारी गेला, गळ्यात पडून रडला, आणि माझ्या बापासाठीही दुआ माग म्हणाला. ते रडणं खरं होतं.

महिन्याभराने केमांगमध्ये कंपनीची गाडी आली. दोन्ही बाजूंना ‘सामाजिक योगदान’ अशी कापडं बांधलेली. आत खोकी होती: घरटी सार्डिनचे चार डबे. गाडीवाल्याने यादीत अंगठे घेतले, फोटो काढले आणि तो गेला.

जुहारीने आपले चार डबे कंपनीच्या घड्याळाखालच्या फळीवर ओळीने मांडले. बहरूनने ओसरीवर टेकत विचारलं, "खात का नाहीस रे?"

"ठेवलेत," जुहारी म्हणाला. "साहेब पुन्हा येणार आहेत ना."