चतुर्थीच्या दिवशी पास्ता

घरची सगळी मिळून हॉटेलात जाता, तेव्हा तुमच्या आईची ऑर्डर कोण देतं? आठवून बघा.

आमच्याकडे कोणीच देत नसे. आई मेन्यूकार्ड बाबांकडे सरकवायची आणि म्हणायची, "मला वेगळं काही नको, तुमच्यातलंच घेते." मग बाबांच्या आणि माझ्या प्लेटमधून दोन-दोन घास तिच्याकडे जायचे. माझ्या दहावीच्या निकालापासून आम्ही एका इटालियन हॉटेलात जात होतो. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरपासून स्कूटरने दहा मिनिटांवर, मार्केटच्या पहिल्या मजल्यावर. आठ टेबलं, हिरव्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर कललेल्या मनोऱ्याचं उन्हाने पिवळं पडलेलं चित्र. बाबांचं निलंबन रद्द झालं तेव्हा तिथे गेलो, माझी बारावी झाली तेव्हा गेलो, माझा पहिला लेख छापून आला तेव्हाही गेलो. आईच्या कशासाठी कधी गेलो नव्हतो.

बाबा सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात मुलांना झोपवायला गोष्टी नव्हत्या, मागण्या होत्या. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले आणि घड्या घालायला त्यांच्याच गठ्ठ्यांवर. एक पत्रक मला अजून पाठ आहे: महिला कर्मचाऱ्यांना बढतीत समान संधी द्या. ते आईने टाइप केलं होतं, स्वयंपाक आटोपल्यावर, डायनिंग टेबलावर बसून. त्याच वर्षी तिने स्वतःची बढती नाकारली. बढतीबरोबर जयपूरची बदली होती आणि माझी दहावी होती. पुढे दुसऱ्यांदा नाकारली, तेव्हा बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती. घरात दोनच पत्रकबाज, मी आणि बाबा. दोघांपैकी एकानेही त्यावर एक ओळ लिहिली नाही.

तिसऱ्यांदा ऑर्डर आली ती जानेवारीत, भोपाळची. आईच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. या वेळी नाही म्हटलं की विषय कायमचा संपला असता. होकार किंवा नकार शुक्रवारी सकाळी ऑफिसात लेखी द्यायचा होता. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी ठरवलं की गुरुवारी रात्रीच आनंद साजरा करायचा. एकदा अभिनंदन झालं, केक कापला, की माणूस नाही कसं म्हणेल? टेबल मी बुक केलं, साडेआठचं. बाबांनाही कटात घेतलं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे मी बघितलंच नाही. तो गुरुवार संकष्टीचा होता.

"चला की," आई शाल गुंडाळत म्हणाली. "तुम्ही जेवा. मी चंद्रोदयापर्यंत थांबते. नऊ चौदाला आहे." पर्समध्ये तिने स्टीलची छोटी डबी टाकली, आत नैवेद्याचे दोन मोदक. मी कपाळावर हात मारला. उपासावरून आमचं जुनं भांडण होतं. उपाशी राहून कोणाचं भलं होतं, हे मी तिला शंभर वेळा विचारलं होतं. ती दर वेळी म्हणायची, "माझं होतं. महिन्यातून एक दिवस तुम्ही मला 'काय आहे जेवायला' असं विचारत नाही."

टेबलाशी बसल्या बसल्या तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय चाललंय? मला घेराव घातलाय का?"

"घेराव नाही गं, सत्कार," बाबा म्हणाले.

"सत्काराला माणूस आधी राजी लागतो, अहो. इतकी वर्षं युनियनमध्ये काढलीत."

मग तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. नकार लिहून तयार होता, ऑफिसच्या इंग्रजीत, तीन ओळींचा. फक्त सही बाकी. कौटुंबिक कारणास्तव, असं त्यात होतं. ती कारणं समोर बसून ब्रेडस्टिक खात होती.

मला राग आला. मी बोलत सुटले: तू आमच्या डोक्यावर त्यागाचं ओझं ठेवतेस, तुझ्यासारख्या बायकांमुळेच ऑफिसं म्हणतात की बायकांना बढती नकोच असते. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. आईने मला पूर्ण बोलू दिलं.

"झालं भाषण?" ती म्हणाली. "आता सांग, मी भोपाळला गेले तर यांच्या गोळ्या कोण देणार?"

"मी घेईन की माझ्या मी," बाबा म्हणाले. "आणि कुकर लावता येतो मला."

"वरणभाताला शिट्ट्या किती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेन्यूकार्डाकडे पाहिलं.

"बघा," आई म्हणाली. तिचं हसू मात्र लपलं नाही.

तेवढ्यात वेटर आले. पन्नाशीचे गृहस्थ, हरियाणातल्या एका गावचे, आम्हाला पहिल्या दिवसापासून ओळखणारे. बाबांच्या पास्त्याबरोबर न सांगता मिरचीची वाटी आणून ठेवायचे. आईपुढे पाण्याचा ग्लास तसाच भरलेला बघून त्यांनी विचारलं, "भाभीजी, आज सकट का व्रत है क्या?"

त्यांच्याकडे पौषातल्या या चतुर्थीला आया मुलांसाठी उपास धरतात, हे आईला इतक्या वर्षांच्या शेजारणींमुळे माहीत होतं. "हां भैया, हमारे यहां भी आज ही है. नौ चौदह पे चांद निकलेगा."

"नौ चौदह?" ते गोंधळले. "चांद तो निकल आया जी. आठ इकतालीस का टाइम था, अख़बार में छपा था. घरवाली का फ़ोन भी आ गया, उसने तो खाना खा लिया."

आईने घड्याळ पाहिलं. नऊला पाच कमी होती. "ऐसे कैसे? हमारे कैलेंडर में..." आणि ती थांबली.

मलाही तेव्हाच कळलं. ते कॅलेंडर दर वर्षी मामा पुण्याहून पाठवायचा. त्यात महाराष्ट्रातल्या गावांच्या वेळा होत्या, आणि आई पहिल्यापासून मुंबईची वेळ धरून चालली होती. दिल्लीची वेळ त्यात नव्हतीच. आमच्या क्वार्टरसमोर दुसरा ब्लॉक आणि कडुलिंबाची रांग, वर हिवाळ्याचं धुकं, त्यामुळे चंद्र डोक्यावर आल्याशिवाय दिसायचा नाही. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून ती इथे राहून मुंबईच्या चंद्राची वाट बघत होती.

"चलिए, ऊपर से दिखाता हूं," वेटर म्हणाले.

हॉटेलच्या मागच्या जिन्याने आम्ही तिघं त्यांच्या पाठोपाठ गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, आणि पूर्वेला फ्लायओव्हरच्या दिव्यांवर तांबूस, थोडासा झिजलेला चंद्र. थंडी हाडांत शिरत होती. आईने हात जोडले. मी, हात न जोडणारी, बाजूला उभी राहिले आणि मला स्वतःचीच चीड आली. उपास का करतेस, हे मी शंभर वेळा विचारलं होतं. किती वाजता सोडतेस आणि ती वेळ बरोबर आहे का, हे एकदाही नाही. माझ्या खिशात फोन होता. जगातल्या प्रत्येक अन्यायाची माहिती मी त्यावर शोधायचे.

"इतकी वर्षं अर्धा-अर्धा तास," आई म्हणाली. मला वाटलं, आता रडेल. ती खो खो हसायला लागली. टाकीला टेकून हसली. "अहो, आणि मी चंद्रालाच बोल लावायचे, की दिल्लीत हा कायम उशिरा येतो!"

डबी उघडून तिने एक मोदक वेटरना दिला, दुसरा आमच्या तिघांत मोडला. खाली येऊन बसली आणि मेन्यूकार्ड बाबांच्या हातून काढून घेतलं. ते तिने उघडलंही नाही. तिला पाठच होतं.

"भैया, मशरूमवाला रिसोटो. लहसुन-प्याज़ के बिना हो जाएगा? पूरी प्लेट, सिर्फ़ मेरे लिए."

"बिल्कुल होगा जी."

रिसोटो म्हणजे आपला गुरगुट्या भातच, पण चीज घातलेला. तिने तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. बाबांनी सवयीने चमचा पुढे केला, तर तिने प्लेट आपल्याकडे ओढली. "तुमचं तुम्ही घ्या." मी त्या रात्री पुन्हा भाषण केलं नाही. फक्त विचारलं, "तुला जायचंय का, आई?" हाही प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते.

तिने प्लेटच्या कडेवरचं चीज चमच्याने खरवडून घेतलं. "मला सेक्शन चालवता येतो," ती म्हणाली. "ज्यांना शिकवलं ते माझे साहेब झाले. मला एकदा ती खुर्ची बघायचीय." मग तिने तो घडीचा कागद उचलला, त्याची आणखी एक घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल डगमगायचं थांबलं.

"शिट्ट्या तीन," ती बाबांना म्हणाली. "लिहून घ्या. पत्रक काढा हवं तर." आणि माझ्याकडे वळून: "तुझ्या त्या फोनवर बघ गं, पुढच्या संकष्टीला भोपाळमध्ये चंद्र किती वाजता आहे?"

मी बघितलं. मोठ्याने वाचून दाखवलं.

तुम्हाला एकच काम सांगते. आज घरी गेलात की भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, तुमच्या गावची खरी वेळ शोधा आणि पेनाने त्यावर लिहा. उपासावर विश्वास असो वा नसो. आणि लिहून झालं की आईला विचारा, तुला कुठे जायचंय? ती "मला वेगळं काही नको" म्हणेल. तिथून उठू नका.