पैठण रोडवर उघडलेला चाकू

मेव्हण्यानं मला घडीचा चाकू भेट दिला, तेव्हा बायकोचा चेहरा उतरला. लाकडी मूठ, बोटभर पातं. उघडलं की खटका बसायचा. मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. खोक्यांच्या पट्ट्या कापायला, डब्यातला पेरू चिरायला तो रोज लागायचा. पण त्या दिवसांत शहरातलं वातावरण तंग होतं, जागोजागी नाकाबंदी असायची. पुंडलिकनगरातल्या घरून निघताना बायको विचारायची, खिशात सापडला तर काय सांगाल? मी हसण्यावारी न्यायचो. तरी पोलीस दिसला की हात आपोआप खिशावर जायचा.

एका दुपारी ड्यूटी संपवून दुचाकीवरून पैठण रोडनं परतत होतो. पुढं मोटारसायकलवर एक तरुण जोडपं होतं आणि मागं बसलेल्या बाईच्या ओढणीचं टोक चाकाजवळ फडफडत होतं. मी हॉर्न दिला, ओरडलो. नवऱ्याला वाटलं, मला पुढं जायचंय. त्यानं गाडी कडेला घेतली, आणि तेवढ्यात ओढणी चाकात गेली.

गाडी आडवी झाली. बाईचं डोकं चाकाकडं खेचलं गेलं होतं, गळ्याला फास बसला होता. नवरा चाक उलटं फिरवायला बघत होता, पण कापड साखळीत अडकलं होतं. तिचा चेहरा काळवंडत चालला. मी चाकू उघडला. मान आणि चाक यांच्यात वीतभरही जागा नव्हती. डोळे मिटावेसे वाटत होते. तसाच कापत गेलो. ओढणी तुटली आणि ती घशातून कसला तरी आवाज काढत रस्त्यावर पडली.

नवऱ्यानं तिला उचललं, थांबलेल्या एका रिक्षात घातलं आणि निघून गेला. मागून धावत आलेल्या लोकांना दिसलो तो मी, उघडा चाकू घेऊन उभा. कुणीतरी रामपुरी म्हणालं, कुणीतरी कॉलर धरली. मी काय सांगतोय ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. नाकाबंदीवरच्या पोलिसांनी मला चौकीत नेलं.

हवालदारानं चाकू टेबलावर ठेवला. पात्यावर लाल रेघ होती.

"हे रक्त कुणाचं?"

मला खरंच माहीत नव्हतं. आपण तिची शीर तर कापली नाही ना, या विचारानं मी त्या रेघेकडंच बघत राहिलो. बायकोचा फोन वाजत होता, पण तो घ्यायची हिंमत होईना.

मग मेंढरं रस्त्याकडेला सोडून एक म्हातारी धनगरीण चौकीत आली. अपघात झाला तिथं ती पहिल्यापासून उभी होती, पण गर्दीत तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

"सायेब, ह्येनं कापलं म्हून ती पोर वाचली," ती म्हणाली. "वढणी अजून चाकात हाय. जाऊन बघा."

शिपाई बघून आला. हवालदाराचा आवाज मऊ झाला, त्यानं चहाही मागवला, पण मी तो तसाच ठेवला. कुणी येऊन बाईचं काय झालं ते सांगेपर्यंत मी हललो नाही.

संध्याकाळी तिचा नवरा गाडी न्यायला चौकीत आला. मला बघून त्यानं आधी हात जोडले.

"बोलता येत नाय तिला अजून," तो म्हणाला. "पण लई धोका नाय म्हणले डॉक्टर. कानाखाली पातं लागलंय, दोन टाके पडले."

दोन टाके. माझ्या हातानं. तो आभार मानत होता आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. हवालदारानं चाकू परत दिला, पण घरातच ठेवा म्हणाला. घरी मी तो बायकोच्या हातात दिला. तिनं तो कपाटात ठेवला.

नंतर बरीच वर्षं त्या रस्त्यानं ये-जा केली. पुढच्या गाडीवर ओढणी किंवा पदर उडताना दिसला, की आजही मी वेग वाढवतो. गाडी शेजारी घेऊन सांगतो, ताई, तेवढी ओढणी आवरा. काही जणी आवरतात. काहींचे नवरे डोळे वटारून बघतात, काय बघतोस म्हणतात. ओढणी वर घेतलेली दिसेपर्यंत मी मागं हटत नाही.