बिनआवाजी भोंगा

आमच्या आत्याला सगळी आळी 'भोंगा' म्हणायची. तिनं घरात पाणी मागितलं तर शेजारीण तांब्या घेऊन यायची. बाईचा जन्म कापडगिरणीत गेलेला. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलत, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासवांच्या कागाळ्यासुद्धा बिनआवाजी.

देशभर संप झाला तेव्हा आत्या फाटकावर सर्वांत पुढे होती. सरकारनं संप लाठ्यांनी चिरडला. पुढारी तुरुंगात गेले, चुली थंडावल्या आणि बायका मान खाली घालून कामावर परतल्या. आत्याला तेवढं फाटकातच अडवलं. वर नव्या मॅनेजरचा हुकूम : दोघी एकत्र उभ्या दिसल्या तर दोघी घरी. बिचारा! बोलायला जवळ यावं लागतं, अशी त्याची समजूत.

आत्या घरात गप्प बसून राहिली. भोंगा बंद पडलेला मला बघवेना. आई त्याच शेडमध्ये कामाला होती. ती म्हणाली, "वन्सं, हातपाय गाळून कसं चालेल? शेडच्या खिडकीसमोर शिंप्याची गच्ची आहे की!"

त्या शिंप्याकडे मी काज-बटणं करायचे. दुसऱ्या दिवशी मीच आत्याला गच्चीवर नेलं. खिडकीकडे तोंड करून तिनं ओठ हलवले : मला आत घेईपर्यंत माग थांबवा.

शेडच्या मुकादमाची हयात मागावरच गेलेली, त्यालाही ओठ वाचता येत. तो खिडकीकडे पाठ करून चष्मा पुसत बसला. सगळे माग एकदम थांबले.

मॅनेजर धावत आला. "कोण बोललं? कोणी सांगितलं हे?"

"साहेब," मुकादम म्हणाला, "इथं कोणी चकार शब्द काढला नाही."

आई पुढे झाली. "आमच्या वन्संना आत घ्या. मग माग चालतील."

साऱ्या शेडला घरी पाठवावं तर माग चालवणार कोण? आणि माल तर बंदरावर पोचायचा होता. दुपारी मुकादम स्वतः गच्चीवर आला आणि आत्याला मानानं घेऊन गेला. अभिमानानं मला रडूच आलं.

शेडमध्ये चिडीचूप होतं. इतक्या वर्षांत तिथं आत्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आपल्या मागापाशी जाऊन तिनं पदर खोचला.

"लावा गं माग!"

गच्चीवर मला ते स्पष्ट ऐकू आलं.