सुनेचं अ‍ॅप आणि आमच्या शंका

नेम मी पुष्कळ केले. सोळा सोमवार झाले, मुलाच्या दहावीला वर्षभर मंगळवार झाले, एकदा भात सोडला, एकदा चप्पल सोडली. पण मागच्या आषाढी एकादशीला धरलेला नेम सगळ्यांत अवघड गेला. चातुर्मासभर सुनेला एक प्रश्न विचारायचा नाही: "किती झाले गं?"

किती म्हणजे डाउनलोड. सायलीनं, माझ्या सुनेनं, चांगली नोकरी सोडून व्रतांचं अ‍ॅप काढलं. आज तिथी कोणती, उपास कुठला, चंद्रोदय कधी, कहाणी कोणती, सगळं त्यात. मजकूर माझा, बाकी सगळं तिचं. मुदतही तिनंच घालून घेतली होती. श्रावण संपेपर्यंत बायका रोज अ‍ॅप उघडायला लागल्या तर ठीक, नाहीतर ते बंद करायचं आणि पुन्हा नोकरी धरायची.

तर प्रश्न बंद झाला आणि माझं ऐकणं वाढलं. ऐकणं वाढलं की किस्से साठतात. फ्रिजमधल्या वाट्यांसारखं असतं ते. कुठली कधी ठेवली आठवत नाही, आणि टाकवत तर मुळीच नाही.

*

पहिली शंका नलूताईंची. नलूताई म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या, भजनी मंडळाच्या प्रमुख. अ‍ॅप त्यांनी माझ्यादेखत मोबाइलमध्ये घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि सायलीकडे बघितलं.

"हे माझं लोकेशन मागतंय."

"चंद्रोदयासाठी, काकू. गावागणिक वेळ बदलते ना."

"चंद्राला माझा पत्ता कशाला?"

सायलीनं समजावलं. डोंबिवलीत दिसतो त्याच्या आधी नागपुरात दिसतो, तुमची वेळ बरोबर यावी म्हणून विचारतंय. नलूताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि परवानगी दिली, पण 'फक्त या वेळेपुरती'वाली.

"काकू, कायमची द्या ना. नाहीतर दर संकष्टीला विचारत बसेल."

"विचारू दे," नलूताई म्हणाल्या. "न विचारता घ्यायची सवय लागली की सुटत नाही."

*

आमच्या खालच्या मजल्यावर काळेकाका राहतात. ठाण्याच्या कोर्टात नोकरी झाली, त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतोय यावर त्यांचा विश्वास बसत नाही. एकदा चहाला आले.

"अ‍ॅप फुकट आहे म्हणतेस?"

"हो काका."

"फुकट देते म्हणजे दुसरीकडून काहीतरी काढून घेते. मी नाही घेणार."

सायलीला ते लागलं. मग जाहिराती नको असतील त्यांच्यासाठी तिनं महिन्याला थोडे पैसे ठेवले, अगदी दोन नारळांचे म्हणा. पुढच्या रविवारी काळेकाका परत आले. तीच खुर्ची, तोच बिनसाखरेचा चहा.

"देवाधर्माच्या गोष्टीचे पैसे घेतेस?"

सायली स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, फुकट आणि विकत याच्या मध्ये काही असतं का?"

मी म्हटलं, "दक्षिणा असते. पण ती काकांनी अजून कुणाला दिलेली नाही."

*

अ‍ॅप केलं म्हणजे लोकांना कळत नाही, ते कळवावं लागतं, असं सायली म्हणाली. कळवून देणारा एक माणूस ठाण्यात होता. स्टेशनपासून रिक्षानं पाच मिनिटं, काचेचं दार, आत एसी. मी बरोबर गेले, कारण सून भोळी आहे. मी भोळी दिसते, हा फरक आहे.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. आठ दिवसांत पाच हजार डाउनलोड. रिव्ह्यूपण आम्हीच मॅनेज करतो." मग माझ्याकडे वळून, "आई, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"उपाशी बायका," मी म्हटलं.

त्यानं ते लिहून घेतलं. मला तिथेच संशय आला. माणूस खरा असता तर हसला असता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, नको देऊस काम. पण तिची मुदत जवळ येत होती, तिनं दिलं. आठ दिवसांत डाउनलोड खरंच आले, रिव्ह्यूही आले. पाच तारे देऊन एकानं लिहिलं होतं, "मस्त गेम. फक्त कारचा स्पीड वाढवा."

सायली डोक्याला हात लावून बसली. नलूताईंनी तो रिव्ह्यू दोनदा वाचला.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "बाप्पाच्या उंदराबद्दल म्हणत असेल."

नवव्या दिवशी त्या पाच हजारांतलं एकही माणूस अ‍ॅपमध्ये फिरकलं नाही.

*

आता जाहिरातींचा किस्सा. अ‍ॅप फुकट ठेवायचं तर त्यांच्यावरच भिस्त. पण कहाणी अर्ध्यावर आली की मध्येच जाहिरात, आणि कहाणीत खंड पडू नये असा आपला नियम. मंडळात चर्चा सुरू झाली की मध्ये जाहिरात आली तर व्रत मोडतं का. शेवटी गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर.

गुरुजींनी आधी घरातल्या टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "जाहिरात कसली होती?"

"कुकरची."

"मग हरकत नाही. नैवेद्याला लागतो."

"आणि परवा चिकन बिर्याणीची होती."

"ती वाजली की नुसती दिसली?"

"वाजली."

"मग कहाणी पहिल्यापासून घ्या," गुरुजी म्हणाले.

बायकांनी पहिल्यापासून घेतली. अर्ध्यावर पुन्हा बिर्याणी. त्या दिवशी आमची कहाणी चार वेळा झाली, आणि उपास सुटायला दिवेलागण. सायलीनं दुसऱ्या दिवशी जाहिरात कहाणीच्या शेवटी नेऊन ठेवली. शेवटी ठेवली की ती कुणी बघत नाही आणि मिळकत निम्म्यावर येते, हे तिनं मला नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

*

आषाढ सरता सरता जाहिराती देणाऱ्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. तुमच्या अ‍ॅपमध्ये जाहिरातींवर संशयास्पद क्लिक होत आहेत, तुमचं खातं बंद करत आहोत.

घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझा मुलगा म्हणाला, दुसऱ्या अ‍ॅपवाल्यांनी मुद्दाम केलं असणार. सायलीला ठाण्याच्या त्या माणसावर संशय. काळेकाका म्हणाले, घरातलं कुणीतरी असतं, नेहमी घरातलंच असतं. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात नलूताई पुरणाची वाटी घेऊन आल्या.

"काय झालं?"

सायलीनं सांगितलं. कुणीतरी एकाच मोबाइलवरून रोज शंभरावर वेळा जाहिरातीवर क्लिक करतंय.

"शंभरावर नाही, बरोबर एकशे आठ," नलूताई म्हणाल्या. "जाहिरातीवर बोट लावलं की तुझा फायदा होतो, असं तूच मागे म्हणालीस ना? तेव्हापासून नेम धरलाय. जप झाला की तीच माळ हातात ठेवते. एकही दिवस चुकवला नाही गं."

सायली उठली, त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. आत जाऊन मग बराच वेळ तिनं नळ सोडून ठेवला होता.

कंपनीला तिनं खरं ते कळवलं. माळेचा फोटोही पाठवला. उत्तर आलं की आपल्या स्पष्टीकरणाने आमचे समाधान झालेले नाही.

*

आता शेवटचा. श्रावणातला शेवटचा शुक्रवार. कोलशेतच्या एका कंपनीनं सायलीला नोकरी देऊ केली होती. अकरा वाजता त्यांचा फोन येणार होता, तिनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं. त्याच सकाळी मला कोपरला जायचं होतं. शोभा, माझी आतेबहीण, तिच्या सोसायटीत श्रावणी शुक्रवारचं हळदीकुंकू. सायली म्हणाली, चला, मी सोडते.

रिक्षात तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघा आई. एकट्या शोभामावशींच्या सोसायटीत तीस-पस्तीस जणींनी अ‍ॅप घेतलंय. आणि कहाणीच्या दिवशी उघडतात किती जणी? एक. तुमच्या भिडेखातर घेतलंय सगळ्यांनी. आज मी हो म्हणून टाकणार आहे."

तीच शंका मलाही होती.

सोसायटीच्या हॉलमध्ये बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. दुधाचा आणि फुटाण्यांचा वास. पहिली कहाणी नुकतीच संपलेली, शोभा समईत तेल घालत होती. पुढे पांढऱ्या केसांच्या एक बाई मोबाइल अगदी नाकाशी धरून बसल्या होत्या. त्यावरची अक्षरं मी लांबूनही ओळखली. ती एवढी मोठी ठेवायला मीच सांगितलं होतं.

आम्ही मागे टेकलो. सायलीनं शेजारच्या बाईंना हळूच विचारलं. त्या तिला ओळखत नव्हत्या.

"तुमच्याकडे नाही का हे अ‍ॅप?"

"आहे ना. सगळ्यांकडे आहे."

"मग उघडत का नाही?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. "कहाणी एकीनं वाचायची असते. सगळ्याच वाचायला बसल्या तर ऐकणार कोण?"

एवढ्यात पुढून आवाज आला, "आटपाट नगर होतं," आणि हॉल एकदम शांत झाला. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता, आणि प्रत्येकीच्या गुडघ्याशी एकेक मोबाइल, पालथा.

सायलीच्या हातातला मोबाइल थरथरायला लागला. अकरा वाजले होते. तिनं नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

शेजारच्या बाईंनी तो हात धरला, उलटा केला आणि त्यात चार अक्षता ठेवल्या.

"कहाणी चालू असताना उठू नये, बाळा," त्या कुजबुजल्या. "मोबाइल पालथा घाल. आम्ही सगळ्यांनी घातलाय, तूपण घाल."