युनूसचाचाच्या आईचा जनाजा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. हजला गेलो तेव्हासुद्धा नाही — तिथं दुसऱ्याच बारीकसारीक चुका आठवून आठवून रडलो आणि ही तेवढी गाळली. किती बेरड असतं माणूस, नाही? तुम्ही माझे कोण लागता ठाऊक नाही, पण आता ऐका.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. मी दाभोळकडचा, दोह्यात सिमेंटच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. अरबाबला दिसेनासं होत चाललं होतं, कुणीतरी मॉस्कोच्या डॉक्टरांचं नाव काढलं आणि सोबतीला माझी वर्णी लागली. दिल्लीहून निघालेलं विमान वाटेत ताश्कंदला थांबणार होतं.

बाजारात ही बातमी फुटली आणि युनूसचाचा माझ्या दारात हजर. आमच्या गोदामामागे त्याची रोट्यांची भट्टी होती. हा मूळ ताश्कंदचा. अठराव्या वर्षी, रशियन सरकारच्या धरपकडीच्या दिवसांत पायी सरहद्द ओलांडून पळाला, हज केला आणि मजुरी करत करत दोह्याला लागला. तीस वर्षांत आईला एक पत्र नाही — बाहेरचं पत्र आलं तर तिच्याच मागे शुक्लकाष्ठ लागेल ही धास्ती. पन्नाशीला आला तरी लग्न केलेलं नव्हतं. आम्ही चिडवायचो, चाचा, आता तरी आण कुणीतरी. तो म्हणायचा, आईला विचारल्याशिवाय? आणि आम्ही हसायचो.

पिठाच्या पोत्याच्या कागदावर त्यानं गल्ली काढून दिली. निळं दार, लोखंडी कडी. कडी कशी वाजवायची तेही शिकवलं — दोनदा, मग थांबून एकदा. हा त्याचा लहानपणचा ठोका. म्हणाला, ‘‘एवढंच बघून ये, ती आहे की नाही. असली तर मी जाणार. मग पकडू देत, मारू देत.’’

ताश्कंदला धुकं इतकं की विमान पुढं जाईना. आम्हाला हॉटेलात नेलं. दुपारी अरबाब झोपला. बाहेर फिरू नका असं बजावलेलं होतं, तरी मी निघालो — तोपर्यंत मी शूर होतो, हे लक्षात ठेवा. कागद अगदी बरोबर होता. मातीच्या भिंती, तुतीची बोडकी झाडं, धुक्यात सगळंच अर्धंअर्धं. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. घरं होती, पण घरांचा आवाज नव्हता. निळं दार सापडलं.

मी कडी वाजवली. दोनदा. थांबलो. एकदा.

आतून एक म्हातारा आवाज आला — ‘‘युनूस?’’

कोण आहे असं नाही. दचकून नाही. मुलगा विहिरीवरून पाणी घेऊन परत आला असावा, इतक्या साध्या सुरात. मग काठीचा आवाज सुरू झाला. टक्. टक्. दाराच्या दिशेनं. मध्येच ती काहीतरी बोलत होती, मला न कळणाऱ्या भाषेत — माझ्याशीच. म्हणजे त्याच्याशी. काठी अगदी दारापाशी येऊन थांबली, अडसर सरकल्याचा आवाज झाला — आणि मी पळालो.

का? पोलिसांची भीती म्हणू? कुणी नव्हतं तिथं. मला तिची भीती वाटली. दार उघडून ती माझ्या तोंडाकडे बघेल, ही भीती. बस्स, इतकंच.

ताप आल्यासारखा मॉस्कोपर्यंत गेलो आणि दोन महिन्यांनी दोह्याला परतलो. चाचा पीठ लागलेल्या हातांनी समोर उभा. घर सापडलं नाही असं म्हणता आलं असतं. पण मग त्यानं दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि तिनं सांगितलं असतं की ठोका झाला होता, कुणीतरी आलं होतं. म्हणून मी म्हटलं, ती वारली. शेजाऱ्यांनी सांगितलं, बरीच वर्षं झाली.

झालं ते एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ — पण आमच्या जमातीतल्या हसनमामूंना त्याची दया आली. चाचा म्हणाला, आम्हा हनफी पंथाच्या लोकांत मय्यत समोर नसताना जनाज्याची नमाज होत नाही. मामू म्हणाले, ‘‘आम्ही शाफई. आमच्यात मय्यत समोर नसली तरी पढतात, गायबाना. तू नुसता उभा राहा, बाबा.’’ चाचा माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. हो, पढू या.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही रत्नागिरीची चाळीसेक माणसं ओळीत उभी राहिलो. पुढे मोकळी जमीन. चाचा माझ्या उजव्या हाताला. चार तकबिरी, चार वेळा अल्लाहू अकबर. तिसरीनंतर मय्यतीसाठी दुवा करायची असते, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना, कारण त्या मोकळ्या जमिनीवर मला काठी ऐकू येत होती. टक्. टक्. जिवंत बाईचा जनाजा पढत होतो मी.

त्यानंतर दर गुरुवारी तो तिच्या नावानं रोट्या वाटायचा. मलाही द्यायचा. मी खाल्ल्या. ताश्कंदला जायचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. सात वर्षांनी तो दोह्यातच गेला. त्याला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. नमाज संपल्यावर लोक पांगले. चाचानं मला बाजूला घेतलं, माझा हात धरला आणि विचारलं, ‘‘शेजारी काही म्हणाले का रे? मरताना तिनं माझं नाव घेतलं होतं का?’’

मी म्हटलं, नाही.